दक्षिणेचं दार : जुन्या लहान घराची दुरुस्ती आणि वास्तुशास्त्राचा इतिहास

अलीकडे आपल्या वस्त्यांमध्ये एक नवी रीत सुरू झाली आहे. बापाने, आजोबाने बांधलेलं दोन खणांचं घर जुनं झालं, पत्रे गळायला लागले, भिंतीला ओल आली, म्हणून दुरुस्ती काढायची ठरते. कर्ज काढलं जातं, सोनं गहाण पडतं. आणि गवंडी येण्याच्या आधी वास्तुतज्ज्ञ येतो. हातात होकायंत्र, बगलेत फाईल. तो सांगतो, दार दक्षिणेला आहे, म्हणून घरात पैसा टिकत नाही. मोरी ईशान्येला आहे, म्हणून पोराला नोकरी नाही. चूल आग्नेयेला हलवा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, तथागतांची मूर्ती आहे, दारावर निळी पाटी आहे. आणि त्याच भिंतीसमोर उभं राहून आपला शिकलेला, आरक्षणातून नोकरीला लागलेला माणूस मान डोलवतो.

हा मुद्दा निव्वळ अंधश्रद्धेचा असता तर आम्ही एवढं लिहिलं नसतं. अंधश्रद्धेवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं आहे. आमचं म्हणणं वेगळं आहे. दक्षिण दिशा अशुभ, हे वाक्य आपल्या घरात येतं तेव्हा ते एकटं येत नाही, आपलाच इतिहास उलटा करून आणतं. दक्षिणेला कोण राहत होतं? कोणी ठेवलं होतं? घर किती लांब-रुंद असावं, छपरावर काय असावं, हे कोण ठरवत होतं? जुनं घर दुरुस्त करायला काढताना हे प्रश्न विचारले पाहिजेत.

आधी शास्त्रच पाहू. वास्तुतज्ज्ञ ज्या परंपरेचा हवाला देतात तिच्यातला एक मान्यवर ग्रंथ म्हणजे वराहमिहिराची बृहत्संहिता. सहाव्या शतकातला, उज्जैनचा हा ज्योतिषी. त्याच्या वास्तुविद्येच्या अध्यायात घरांची मापं दिली आहेत. राजाचं उत्तम घर १०८ हात रुंद. मग सेनापती, मंत्री असे उतरत उतरत तो चार वर्णांवर येतो. ब्राह्मणाचं घर ३२ हात रुंद. पुढच्या प्रत्येक वर्णाला चार-चार हात कमी : क्षत्रियाला २८, वैश्याला २४, शूद्राला २०. ही उतरंड १६ हातांपर्यंत येते आणि त्याच्याही खालचं माप जे अतिहीन आहेत त्यांच्यासाठी. म्हणजे आपल्यासाठी. आपल्याला आकडासुद्धा दिलेला नाही, फक्त 'याहून कमी' एवढंच.

जमिनीचंही तसंच. पांढरी माती ब्राह्मणाला चांगली, तांबडी क्षत्रियाला, पिवळी वैश्याला, काळी शूद्राला. आता मराठवाडा-विदर्भाची काळी कसदार जमीन या हिशेबाने शूद्रांच्या नावावर व्हायला हवी होती! तसं काही झालं नाही हे सातबारा सांगतोच. शास्त्रातला जो भाग मालकांच्या सोयीचा तो पाळला गेला, गैरसोयीचा तो पोथीत राहिला.

घराची रुंदी जातीप्रमाणे ठरवणारं हे शास्त्र आज 'ऊर्जा', 'कंपनं', 'चुंबकीय क्षेत्र' अशा शब्दांत विकलं जातं. पण ज्या ग्रंथातून दिशांचे नियम आले त्याच ग्रंथात जातीची मापं आहेत. वास्तुतज्ज्ञाला एकदा विचारून पाहा, तुमच्या शास्त्राप्रमाणे माझं घर किती हातांचं असायला हवं? तो ते पान उघडणार नाही.

वराहमिहिराच्या आधीही हीच व्यवस्था होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांची वस्ती गावाबाहेर सांगितली आहे. त्यांनी फुटक्या भांड्यांत जेवावं, प्रेतावरची वस्त्रं नेसावीत, कुत्री आणि गाढवं हीच त्यांची संपत्ती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगररचनेचं प्रकरण आहे, त्यात चांडाळांना स्मशानाच्या कडेला जागा दिली आहे, आणि त्यांच्या जोडीला पाषंडांना, म्हणजे वेद न मानणाऱ्या पंथांना. हे जोडपं लक्षात ठेवण्यासारखं आहे. जातीबाहेरचा आणि वेदाबाहेरचा, दोघेही स्मशानाच्या कडेला.

आणि आता दक्षिण. बाबासाहेबांनी हिंदू गावाची रचना नेमकी टिपून ठेवली आहे. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात (लेखन आणि भाषणे, खंड ५) अस्पृश्यांवर लादलेल्या गावच्या कायद्यांची यादी आहे. त्यात ते नोंदवतात की अस्पृश्यांची वस्ती गावाच्या दक्षिणेला असली पाहिजे, कारण दक्षिण ही चार दिशांतली सर्वांत अशुभ दिशा. त्याच यादीत पुढे आहे : अस्पृश्याने कौलारू छपराचं घर बांधणं हा गुन्हा. स्वच्छ कपडे, जोडे, घड्याळ, सोन्याचा दागिना हाही गुन्हा. मुलांना भारदस्त नाव ठेवणं गुन्हा, सवर्णासमोर खुर्चीवर बसणं गुन्हा.

कौलाचा नियम इथे सगळ्यांत महत्त्वाचा आहे. गवताचं छप्पर दर दोन-तीन वर्षांनी बदलावं लागतं. एका ठिणगीने जातं. पावसाळ्यात कुजतं, त्यात विंचू-साप घर करतात. कौल पिढीभर टिकतं. म्हणजे कौलाला मनाई करणं हे नुसतं दिसण्यापुरतं नव्हतं. माणसाची कमाई दर दोन वर्षांनी छपरात कुजून जावी, त्याची शिल्लक कधीच साठू नये, अशी ती व्यवस्था होती. त्रावणकोरात शाणारांना एकमजली घरावर दुसरा मजला चढवायची बंदी होती. छत्री, जोडा, सोनं यांचीही. प्रांत वेगळा, भाषा वेगळी, पण घराची उंची मोजणारी नजर तीच.

आपल्या महाराष्ट्रातल्या महारवाड्यांचं दैन्य ज्यांना वाचायचं आहे त्यांनी बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचावं. वीरगावच्या महारवाड्याचं जगणं एका बाईने आतून सांगितलं आहे, कोणतीही भरजरी भाषा न वापरता.

कोणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. २९ सप्टेंबर २००६ ही तारीख किती जुनी आहे? भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भैयालाल भोतमांगे यांच्या कुटुंबाकडे स्वतःची शेती होती. सुरेखाताई शिकलेल्या होत्या, प्रियंका हुशार विद्यार्थिनी होती, मुलं कष्टाळू होती. तरी हे कुटुंब राहत होतं कच्च्या झोपडीत. पक्कं घर बांधायला त्यांना गावाने आडकाठी केली, हे त्या काळात निघालेल्या अनेक अहवालांत आलं आहे. जमीन आहे, कष्ट करायची तयारी आहे, पण पक्की भिंत उभारायची नाही. पुढे त्या घरातल्या चौघांचं काय केलं हे आपल्यापैकी कोणाला सांगायची गरज नाही. त्या हत्याकांडाच्या चर्चेत घराचा मुद्दा मागे पडला. आमच्या मते तो मागे पडायला नको होता. पक्क्या घराची परवानगी नाकारणं आणि कौलांना मनाई करणं हा एकच नियम आहे, फक्त आता तो ग्रामपंचायतीच्या कागदातून राबवला जातो.

म्हणूनच आपल्या माणसाने घराला नवी कौलं घालणं, पत्रे काढून स्लॅब टाकणं, भिंतीला गिलावा करणं याला आम्ही 'हौस' म्हणत नाही. त्यात राजकारण आहे. आणि त्याच कामाच्या मुहूर्ताला, त्याच नियमांचं मूळ असलेल्या शास्त्राला पाटावर बसवायचं?

आता दुसरी बाजू. वास्तुशास्त्राला नकार दिला की लगेच प्रश्न येतो : मग आपली परंपरा काय? घर कसं बांधावं याबद्दल बुद्धाने काही सांगितलं आहे का?

सांगितलं आहे, आणि बरंच. दीघनिकायातलं पहिलंच सुत्त, ब्रह्मजाल सुत्त, काढा. त्यात श्रमण-ब्राह्मण कोणकोणत्या हीन विद्यांवर पोट भरतात याची लांबलचक यादी आहे : स्वप्नांचे अर्थ सांगणं, अंगावरची लक्षणं बघणं, ग्रहणाचं भविष्य, मुहूर्त. त्या यादीत 'वत्थुविज्जा' हा शब्द स्पष्ट आहे. वास्तुविद्या. जागा शुभ की अशुभ हे सांगून पोट भरणं ही मिथ्या आजीविका, असं तिथे नोंदलं आहे. वराहमिहिराच्या कित्येक शतकं आधी. दीक्षा घेऊन घरात वास्तुतज्ज्ञ आणणाऱ्या प्रत्येकाला हे सुत्त वाचायला द्यावं.

पण बुद्धाने घराकडे पाठ फिरवली असंही नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात निवासांवर एक अख्खं प्रकरण आहे, सेनासनक्खंधक. ते सुरू होतं राजगृहात. तिथला एक श्रेष्ठी भिक्खूंना झाडाखाली, डोंगराच्या कपारीत, स्मशानात राहताना बघतो आणि विचारतो, विहार बांधून दिले तर राहाल का? भगवान परवानगी देतात. मग एकेक अडचण येत जाते आणि तिचा उपाय सांगितला जातो. विहारात पाणी शिरतं : जोतं उंच करा, विटांचं, दगडाचं किंवा लाकडाचं. चढताना पडायला होतं : पायऱ्या आणि कठडा करा. आत अंधार आहे : खिडक्या ठेवा. खिडक्यांचे तीन प्रकार दिले आहेत, कठड्याची, जाळीची आणि गजांची. भिंतीवर पांढरा रंग बसत नाही : आधी कोंडा कालवलेल्या मातीचा थर हाताने फिरवून घ्या, मग रंग द्या. पांढरा, गेरूचा तांबडा, काळा, तिन्ही चालतील. नक्षी हवी तर वेलबुट्टी, फुलांची माळ काढा. न्हाणीघरात धूर कोंडतो तर धुराडं करा, असंही त्याच चुल्लवग्गात आहे.

हे सगळं वाचताना एक गोष्ट जाणवते. संपूर्ण प्रकरणात दार कोणत्या दिशेला असावं हा प्रश्नच कुठे येत नाही. प्रश्न येतात ते पाणी, उजेड, धूर, पडणं, चोर, साप, थंडी यांचे. अडचण काय, उपाय काय. एखाद्या चांगल्या गवंड्याशी बोलल्यासारखं.

याच प्रकरणात वैशालीच्या एका गरीब शिंप्याची गोष्ट आहे. आमच्या मते ती आपल्या प्रत्येक वस्तीत सांगितली जावी. हा शिंपी संघासाठी स्वतःच्या हाताने विहार बांधायचं मनावर घेतो. स्वतः माती मळतो, विटा रचतो, भिंत उभी करतो. पण त्याला बांधकाम येत नाही. भिंत वाकडी होते आणि पडते. पुन्हा बांधतो, पुन्हा पडते. तिसऱ्यांदाही पडते. तेव्हा तो चिडून म्हणतो की जे चीवर देतात, जेवण देतात, त्यांच्या बांधकामावर हे श्रमण देखरेख करतात, त्यांना सल्ला देतात. मी गरीब, म्हणून मला कोणी विचारत नाही. ही तक्रार भगवंतांपर्यंत जाते. ते शिंप्याला गप्प बसवत नाहीत. 'नवकम्म', म्हणजे बांधकामाची आणि दुरुस्तीची देखरेख, एका भिक्खूकडे सोपवण्याचा नियम करतात. त्या भिक्खूने काम लवकर पुरं होईल हे बघायचं, मोडलं-पडलं दुरुस्त करून घ्यायचं. एका गरीब कारागिराच्या रागातून संघाचा नियम तयार झाला! बृहत्संहितेतल्या ३२, २८, २४, २० या आकड्यांशेजारी ही गोष्ट ठेवून बघा.

राजगृह. हे नाव बाबासाहेबांनी आपल्या दादरच्या घराला दिलं, ते उगाच नव्हे. मगधाची ती राजधानी, बिंबिसाराचं नगर, आणि संघाला पहिले विहार मिळाले ती जागा. पण त्या घरापर्यंत पोहोचायच्या आधी ते कोणत्या घरांत राहिले हे नीट पाहायला हवं.

धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात परळच्या चाळीतल्या एका खोलीचं वर्णन आहे. रामजी सुभेदारांचं कुटुंब त्या एका खोलीत. सगळा संसार, भांडीकुंडी, धूर. डोक्यावर फळ्या टाकून केलेला माळा, त्यावर सरपण. जवळच जातं, शेजारी बांधलेली शेळी. मुलगा लवकर झोपायचा आणि सुभेदार त्याला पहाटे दोनच्या सुमारास उठवायचे, कारण तेव्हाच खोलीत शांतता असायची. मिणमिणत्या दिव्यावर अभ्यास. घर वाढवता येत नव्हतं, म्हणून त्या बापाने वेळ वाढवली.

पुढे परळच्याच पोयबावडीतली बी.आय.टी. चाळ क्रमांक १. १८९६च्या प्लेगने मुंबई हादरली, त्यानंतर १८९८ साली सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याच ट्रस्टच्या या चाळी. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या. १९१२ ते १९३४, मधली अमेरिका-इंग्लंडची वर्षं सोडली तर, बाबासाहेबांचा पत्ता हाच. महाडचं पाणी पेटलं, मनुस्मृती जळली, गोलमेज परिषद झाली, तेव्हा ते याच चाळीत राहत होते. त्या खोल्यांची दारं कोणत्या दिशेला होती, त्यांना वास्तुदोष होता का, हे विचारायचं धाडस कोणी करेल?

१९१७ साली बडोद्यात ते मोठ्या हुद्द्यावर नोकरीला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं आणि लाठ्या घेतलेल्या लोकांनी तिथूनही बाहेर काढलं. त्यांनी स्वतः ते लिहून ठेवलं आहे. त्या माणसाने पुढे स्वतःचं घर बांधलं तेव्हा त्याचं हृदय पुस्तकांची जागा होती. वरच्या मजल्यावर ग्रंथालय. ७ जुलै २०२० रोजी त्याच राजगृहाच्या आवारात तोडफोड झाली. कुंड्या फोडल्या, कॅमेरे फोडले. आपल्या घराकडे बघणारी ती नजर अजून मेलेली नाही.

आता वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी. गव्हर्नर जॉर्ज लॉईडच्या काळात, १९२० नंतर, मुंबई विकास खात्याने या बी.डी.डी. चाळी बांधल्या. वरळीत १२१, नायगावात ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२, शिवडीत १२, एकूण २०७. तळमजला अधिक तीन, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फूट, संडास सामाईक. सुरुवातीला गिरणी कामगार तिथे यायला तयार नव्हते, खोल्या रिकाम्या पडल्या. १९३०च्या कायदेभंगात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला गेला. ज्या खोल्यांत सरकारने कैदी ठेवले त्यांतच पुढे आपली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. १९७४च्या जानेवारीत याच वरळीत पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली, पोलिसांच्या लाठ्या चाळींच्या जिन्यांवरून वर चढल्या, आणि त्याच आंदोलनात भागवत जाधव शहीद झाले.

या १६० चौरस फुटांचं आपल्या लोकांनी काय केलं हा खरा गृहसजावटीचा इतिहास आहे, आणि तो कुठल्याही चकचकीत मासिकात छापून आलेला नाही. खोलीची उंची होती, म्हणून तिथे लाकडी पोटमाळा आला. वर झोपायला मुलं, खाली म्हातारी माणसं. मोरीला पडदा, मग अर्धी भिंत, मग दार. कडप्प्याचा ओटा, ओट्याखाली पाण्याचं पिंप. पलंगाची उंची विटा लावून वाढवली, खाली ट्रंका आणि एक पोरगा पुस्तक घेऊन. भिंतीला फळीची मांडणी, त्यावर पितळेची भांडी, नंतर स्टीलची. ज्यांच्या आज्यांना मातीच्या नाहीतर फुटक्या भांड्यांत जेवावं असं पोथीने सांगितलं होतं त्यांच्या मांडणीवर चकचकीत डबे उतरंडीने लावलेले असायचे. शहरी पाहुणे त्याला 'दिखाऊपणा' म्हणत. आम्हाला तसं वाटत नाही.

चुन्यात नीळ टाकून दिलेला रंग तर ठरलेलाच. इथे एक खुलासा करतो, कारण हल्ली काही उत्साही मित्र त्याचा संबंध थेट १९४२च्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या निळ्या झेंड्याशी लावतात. चुना पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात नीळ टाकायची पद्धत सगळ्याच जातींत होती. आपल्या चळवळीचा निळा पुरेसा गडद आहे, त्याला चुन्याचा आधार लागत नाही.

खरी पुनर्रचना झाली १९५६ नंतर. १४ ऑक्टोबरला नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या आणि लोक घरी परतले. ब्रह्मा-विष्णू-महेश मानणार नाही, राम-कृष्ण मानणार नाही, गौरी-गणपती मानणार नाही, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करून घेणार नाही. या प्रतिज्ञा घरात शिरल्या तेव्हा पहिला बदल भिंतीत झाला. देव पाटीत भरून नदीत, विहिरीत सोडले गेले. भिंतीतली देवळी रिकामी झाली. त्या रिकाम्या कोनाड्याचं काय करायचं? कुठे त्यात बाबासाहेबांचा फोटो आला, कुठे बुद्धमूर्ती, आणि बऱ्याच घरांत पोरांची पुस्तकं. हजारो वर्षांच्या व्यवस्थेला एवढ्या लहानशा जागेत उत्तर दिलं गेलं, गवंडीसुद्धा न बोलावता.

वास्तुशांती ही ब्राह्मणाच्या हातून होणारी क्रिया आहे. आठव्या प्रतिज्ञेचा तो सरळ भंग आहे. 'आम्ही पूजा नाही केली, फक्त दिशा बघितल्या' ही पळवाट चालणार नाही, कारण दिशांचा देव वेगळा करता येत नाही. दक्षिणेला यम आहे म्हणून ती अशुभ. यम मानत नसाल तर दक्षिण ही फक्त एक बाजू आहे, जिथून हिवाळ्यात छान ऊन येतं.

आणि हा रोग फक्त गरीब वस्तीत नाही. तेलंगणाचं उदाहरण घ्या. हैदराबादचं जुनं सचिवालय २०२० साली पाडलं गेलं. त्यामागे वास्तुदोषाचं कारण आहे, ही चर्चा देशभर झाली. नवं सचिवालय उभं राहिलं आणि ३० एप्रिल २०२३ रोजी होमहवन करून त्याचं उद्‌घाटन झालं. त्या इमारतीला नाव दिलं डॉ. बी. आर. आंबेडकर सचिवालय. नाव बाबासाहेबांचं, यज्ञ पुरोहितांचा. आपल्यातल्या किती जणांनी तेव्हा नावाचा आनंद मानून यज्ञाकडे डोळेझाक केली हे ज्याचं त्याने आठवावं. तीच तडजोड आपण आपल्या दोन खोल्यांत करतो, तेव्हा तेलंगणाच्या सरकारला कोणत्या तोंडाने बोलणार?

मग जुनं लहान घर दुरुस्त करताना बघायचं काय? चुल्लवग्गाच्या पद्धतीने, अडचण आणि उपाय.

गावाकडची मातीची भिंत असेल तर तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवू नका. हे चुकीचं काम आज सगळीकडे होतं, कारण सिमेंट म्हणजे पक्कं अशी समजूत आहे. मातीची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटने तिची वाट बंद होते, ओल आत कोंडते, आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्याची पोपडी भिंतीची माती घेऊन खाली येते. तिथे मातीचा नाहीतर चुन्याचाच गिलावा. खरा शत्रू भिंतीच्या पायाशी साचणारं पाणी. आधी छपराची पागोळी लांब न्या, जोत्याभोवती उतार काढा. चाळीतल्या स्लॅबची गोष्ट वेगळी. तिथे आतली सळई गंजते, फुगते आणि सिमेंटचे कपचे पाडते. त्यावर पीओपीचं छत बसवणं म्हणजे जखमेवर रुमाल टाकणं. पोपडा ठोकून काढून सळई उघडी करावी लागते, आणि खर्च तिथेच करायचा असतो. समोरासमोर दोन उघड्या जागा मिळाल्या तर हवा फिरते. क्षयाने आपल्या चाळींतून किती माणसं नेली हे ज्यांनी पाहिलं त्यांना खिडकीचं मोल वेगळं सांगायला नको. घरात संडास-न्हाणी नसेल तर रंगाचा पैसा आधी तिकडे वळवा. रात्री बाहेर जावं लागणाऱ्या बाईला विचारा, घरातला सगळ्यांत मोठा दोष कोणता.

आणि कागद. महारवाड्यातल्या कित्येक घरांखालची जागा अजून नीट नावावर नाही. वतनं १९५८च्या कायद्याने गेली, पण नोंदी रखडल्या. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो माणसं तुरुंगात गेली ती जमिनीसाठी. रमाई आवास योजनेत २६९ चौरस फुटांचं घरकुल मिळायचं तरी जागेचा पुरावा आधी मागतात. म्हणून वास्तुतज्ज्ञाला द्यायचे पैसे घेऊन आधी ग्रामपंचायतीत जा, नमुना आठचा उतारा काढा, त्यावर नाव कोणाचं आहे ते वाचा. त्यावर घरातल्या बाईचं नाव लावून घ्या. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचा फोटो भिंतीवर असेल तर एवढं करावंच लागेल.

वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या इमारतींतल्या घरांचा ताबा मिळाला. १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फूट. बाकीच्या चाळी एकेक करून पाडल्या जात आहेत. नव्या टॉवरमध्ये भिंती हलवता येत नाहीत, म्हणून आता 'तोडफोड न करता वास्तुदोष निवारण' विकणारे लिफ्टजवळ पत्रकं वाटू लागले तर नवल नाही : पिरॅमिड, तांब्याची तार, आरसे. त्यांना दारातूनच परत पाठवण्याचं काम त्या-त्या इमारतीतल्या तरुणांचं आहे.

आमचं काम दुसरं ठरलं आहे. ज्या चाळी अजून उभ्या आहेत तिथल्या खोल्या पाडकामाच्या आधी मोजून घ्यायच्या. पोटमाळा किती उंचीवर होता, कोणी केला, कोणत्या साली. मोरीचं दार कधी आलं. देव कोणत्या साली काढले आणि कोनाड्यात काय ठेवलं. अभ्यासाची जागा कोणती. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारून लिहून घ्यायचं, तिच्याच शब्दांत. यायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी यावं. मोजायची टेप, वही आणि पेन एवढंच आणायचं आहे.